हाताने शिवलेला लेदर कॅमेरा स्ट्रॅप घ्यावा का? नवख्यांसाठी पायरीपायरीने

नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात नायलॉनचा एक पट्टा बहुतेक वेळा येतोच. त्यावर कंपनीचं नाव इतक्या ठसठशीत अक्षरांत विणलेलं असतं की आपण फोटो काढायला निघालोय की जाहिरात करायला, असा प्रश्न पडावा. मग दुसऱ्या पट्ट्याचा शोध सुरू होतो आणि गाडी हमखास लेदरपाशी येऊन थांबते. जाड, तांबूस, मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवलेला आणि फोटोत अगदी देखणा. किंमत मात्र साध्या पट्ट्याच्या कित्येक पट.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. कॅमेरा अंगावर वागवायचं काम लेदर नायलॉनपेक्षा चांगलं करत नाही. नायलॉन हलकं असतं, भिजलं तरी त्याचं काही बिघडत नाही, आणि चांगल्या नायलॉन पट्ट्याची लांबी चालता चालता कमी-जास्त करता येते. लेदरचे पैसे मोजायचे ते तीन कारणांसाठी: हाताला आणि मानेला त्याचा स्पर्श सुखावतो, ते दुरुस्त होतं, आणि चांगल्या प्रतीचं असेल तर वापरून वापरून जास्त मऊ आणि देखणं होत जातं. या तिन्ही गोष्टी पदरात पडणार की नाही, हे पट्ट्याच्या टोकाकडच्या बोटभर भागावर ठरतं. फोटो मात्र सगळे मधल्या भागाचे काढलेले असतात.

पायरी १: कॅमेरा लेन्ससकट तोला

अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होऊन जातो. फुजीफिल्म एक्स१००व्ही बॅटरी-कार्डासकट ४७८ ग्रॅम भरतो. लायका एम११ ची काळी बॉडी ५३० ग्रॅम. सोनी ए७ फोरची बॉडी ६५८ ग्रॅम, लेन्सचं वजन वेगळं. निकॉन डी८५० ची बॉडी बॅटरी-कार्डासकट १००५ ग्रॅम, आणि तिला ७०-२०० एफ २.८ ही मोठी झूम लेन्स लावली की गळ्यात जवळजवळ अडीच किलो लोंबकळतात. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. जी लेन्स लावून तुम्ही जास्तीत जास्त फिरता ती लावूनच तोला, नुसत्या बॉडीचं वजन फसवं असतं.

पाऊण किलोपर्यंत दहा-बारा मिलिमीटर रुंदीची बारीक वादी खुशाल चालते, आणि छोट्या कॅमेऱ्यावर तीच शोभते. किलोभराच्या आसपास आलात की खांद्यावर टेकणारा भाग निदान २५ मिलिमीटर रुंद हवा. रुंदी दुप्पट झाली की तेच वजन दुप्पट जागेवर वाटलं जातं, इतका सरळ हिशेब आहे. आतून मऊ लेदरचं अस्तर किंवा थोडी गादी असेल तर उत्तम. दीड किलोच्या पुढे मात्र गळ्यात घालायचा लेदर पट्टा मी कोणालाच सुचवणार नाही, मग तो शिवणारा कितीही नामांकित असो. तिथे थोडी ताण देणारी, रुंद, तिरकी घालायची स्लिंग हवी, आणि पट्टा बॉडीऐवजी मोठ्या लेन्सला ट्रायपॉडवर बसवायला जो पाय असतो त्याला अडकवायला हवा.

दोन कॅमेरे दोन्ही बाजूंना लटकवायचे लेदर हार्नेस हा वेगळाच प्रकार आहे. त्यातले बरेचसे ट्रायपॉडच्या भोकात, म्हणजे पाव इंची आट्यांमध्ये, स्क्रू पिळून बसतात. चालताना कॅमेरा हलतो आणि स्क्रू कणाकणाने सैल होतो. असा हार्नेस घ्यायचाच असेल तर स्क्रूपासून कॅमेऱ्याच्या कडीपर्यंत जाणारी सुरक्षेची जोडदोरी सोबत आहे का ते बघा. नसेल तर पुढे जा.

पायरी २: कॅमेऱ्याची कडी बघा

कॅमेऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर पट्टा अडकवायची जागा असते. ती दोन प्रकारची. एक, छोटा गोल डोळा: लायका, फुजीचे अनेक कॅमेरे आणि बहुतेक जुने फिल्म कॅमेरे. दुसरी, चपटी फट: कॅनन-निकॉनच्या बऱ्याच मोठ्या बॉड्यांवर असते ती. हाताने शिवलेले लेदर पट्टे बहुतेक गोल डोळ्यासाठी बनवलेले असतात, कारण त्यांच्या टोकाला किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी दुहेरी वेटोळ्याची रिंग असते. तीन मिलिमीटर जाडीचं लेदर चपट्या फटीतून जात नाही. तुमच्या कॅमेऱ्याला फट असेल तर त्यात बसणारी त्रिकोणी कडी तरी लागेल, नाहीतर टोकाला आठ-दहा मिलिमीटरची नायलॉनची शेपटी असलेला लेदर पट्टा घ्यावा लागेल. हा जोड लेदरप्रेमींना खटकतो. मला नाही खटकत. सगळ्यात जास्त घासणाऱ्या जागी नायलॉन असणं हा शहाणपणाच आहे.

पट्टा झटकन काढता-घालता यावा म्हणून कडीला अँकर नावाचे छोटे जोडही लावता येतात. पीक डिझाइनचे छोटे गोल अँकर ९० किलोपर्यंत ताण घेतात असं कंपनी सांगते, म्हणजे तुमचा पट्टा त्यांच्या आधी हार मानेल. पट्टा काढून कॅमेरा वारंवार ट्रायपॉडवर ठेवणाऱ्यांना ही सोय मोलाची आहे.

रिंगबद्दल दोन शब्द. चांगली रिंग स्टीलची असते आणि नखाने उघडायला जीव काढते. सहज उघडली तर ती वापरू नका. बॉडी आणि रिंग यांच्यामध्ये लेदरची छोटी चकती असायला हवी, नाहीतर काही महिन्यांत कॅमेऱ्याच्या खांद्यावर अर्धगोल ओरखडा उमटतो. रिंग चढवताना आसपासच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावा आणि रिंग फाकवायला प्लास्टिकची पातळ पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. जुना फिल्म कॅमेरा असेल तर डोळ्याच्या आतल्या कडेवरून टाचणी फिरवून बघा. वर्षानुवर्षं घासून मऊ धातूत खाच पडलेली असते, आणि खाच खोल असेल तर महागडा पट्टा घेण्याआधी तो डोळा बदलून घेणं जास्त गरजेचं आहे.

पायरी ३: लांबी दोरीने ठरवा

नवख्यांचे पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. नायलॉनचा पट्टा कमी-जास्त करता येतो, लेदरचा सहसा येत नाही. बक्कल असलेले लेदर पट्टे मिळतात, पण बक्कल कधी पाठीवर टोचतं, तर कधी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आपटतं.

म्हणून साधी सुतळी किंवा बुटाची लांब नाडी घ्या, दोन्ही कड्यांना बांधा आणि कॅमेरा घालून घरात फिरा. गळ्यात सरळ घालणार असाल तर कॅमेरा छातीच्या खाली आणि पोटाच्या वर यावा. तिरका घालणार असाल तर कमरेच्या हाडाशी यावा आणि तिथून एका हाताने उचलून डोळ्याला लावता यावा. हे शेवटचं नक्की करून बघा, कारण पट्टा जरा आखूड झाला की कॅमेरा डोळ्यापर्यंत येता येता काखेत अडतो. नेहमीचा जाड कोट किंवा जॅकेट घालूनही एकदा बघा. गाठी सरकवत सरकवत काही दिवस असंच वापरा आणि मग माप घ्या. बहुतेकांना गळ्यात घालायला ९५ ते १०५ सेंटिमीटर आणि तिरकं घालायला ११५ ते १३० सेंटिमीटर लागतात, पण तुमची सुतळी जे सांगेल तेच खरं.

कोणी रिंग धरून मोजतं, कोणी नुसतं लेदर मोजतं. विक्रेत्याला विचारा. दोन रिंगा आणि चकत्या मिळून लांबीत सहज चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो.

पायरी ४: चामडं वाचायला शिका

जनावराच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर दाट विणीचा असतो. आत जावं तसे तंतू सैल होत जातात. वरचा थर जसाच्या तसा ठेवलेलं ते फुल ग्रेन. डाग, ओरखडे घालवायला वरून घासून काढलेलं ते टॉप ग्रेन. आतला थर वेगळा काढून त्यावर रंगाचा लेप दिला की स्प्लिट. उरलेला चुरा गोंदात दाबून केलेला तो बाँडेड, त्याला लेदर म्हणायचं ते नावापुरतं. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का बघून हुरळू नका. त्या शिक्क्याने एवढंच कळतं की हे कुठल्या ना कुठल्या जनावराचं आहे. पट्ट्यासाठी फुल ग्रेनच मागा. बारीक डाग, एखादी शीर किंवा खरचटल्याची खूण दिसली तर ती खोट नसते, वरचा थर शाबूत असल्याची ती निशाणी आहे.

दुसरा प्रश्न कमावण्याचा. जगातलं बहुसंख्य चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, ते काम एक-दोन दिवसांत उरकतं. चामडं मऊ होतं, पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि रंग एकसारखा राहतो. दुसरी रीत झाडांच्या सालींतल्या, लाकडातल्या आणि फळांतल्या टॅनिनची: ओक, चेस्टनट, मिमोसा, केब्राचो, हिरडा. तिला आठवडे लागतात, महिनेही लागतात. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी एक टॅनरी, म्हणजे चामडं कमावण्याचा कारखाना, आजही ओकच्या सालीत चामडं वर्षभराहून जास्त काळ मुरवते. असं चामडं सुरुवातीला कडक असतं, पण हाताच्या तेलाने आणि उन्हाने हळूहळू गडद होतं, कड घोटली की चकाकते, आणि टाका त्यात घट्ट बसतो. पट्ट्यासाठी मी हेच पसंत करतो, विशेषतः मेण आणि चरबी मुरवलेलं ब्रायडल लेदर, जे मुळात घोड्याच्या लगामासाठी बनतं. दोन्ही रीती एकत्र वापरलेलं चामडंही असतं. शिकागोच्या हॉरवीन टॅनरीचं क्रोमएक्सेल हे त्यातलं नावाजलेलं. ही टॅनरी १९०५ पासून चालू आहे आणि तिचं नाव विक्रेते मोठ्या अभिमानाने लिहितात. चामडं चांगलंच आहे, पण मऊ आहे. बारीक पट्ट्यात ते ताणलं जातं हे लक्षात असू द्या.

क्रोमचं चामडं वाईट, असा समज पसरलाय तो मला पटत नाही. घामट मान आणि रोजचा वापर असेल तर चांगल्या क्रोम लेदरवर डाग कमी पडतात. काळजी एकाच गोष्टीची: कमावताना हयगय झाली तर त्यात त्वचेला त्रास देणारं षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या लेदरमध्ये त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. मानेवर पुरळ उठण्याची सवय असेल तर हे विचारूनच घ्या.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही आणि विचारल्यावर मात्र चांगला कारागीर खूश होतो: हा पट्टा कातडीच्या कुठल्या भागातून कापलाय? पाठीचा भाग घट्ट असतो, कमी ताणतो. पोटाकडचा भाग सैल असतो, आणि त्यातून कापलेली वादी महिन्याभरात लांबते, तीही एकसारखी नाही. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर असावी. लेदरवाले ती औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, तेव्हा सहा ते नऊ औंस हे आपलं माप.

हातात घेऊन करायच्या परीक्षा सोप्या आहेत. पट्ट्याची वरची, गुळगुळीत बाजू आत ठेवून तो दुमडा. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर घट्ट चामडं. मोठ्या, फुगीर, सैल वळ्या आल्या तर पोटाकडचं. कापलेली कड बघा. ती रंगाच्या जाड लेपाखाली पूर्ण झाकली असेल तर एखादं भोक सापडतंय का बघा आणि त्याच्या आत डोकवा. आत निळसर-करडा गाभा दिसला तर चामडं क्रोमचं. कापडासारखी जाळी दिसली तर ते चामडंच नाही. मग ओलसर पांढरा रुमाल दाबून दहा-बारा वेळा घासा. जो रंग रुमालाला लागतो तोच घामाच्या दिवशी तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला लागणार. जाळून बघायची परीक्षा सांगणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

पायरी ५: टोक उलटून बघा

आता त्या बोटभर भागाकडे. दहा मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड, निरोगी चामड्याची वादी सरळ ताणली तर कित्येक किलो सहज पेलते. मध्यावर तुटलेला पट्टा विरळाच. तुटतो तो टोकाला, जिथे चामडं रिंगमधून जाऊन परत वळतं आणि स्वतःवरच शिवलं जातं.

तीन मिलिमीटरचं चामडं दुमडलं की सहाचं ढेकूळ होतं, म्हणून कारागीर दुमडायच्या आधी ते आतून रापीने तासून पातळ करतो. हे तासणं उताराचं हवं, हळूहळू पातळ होत जाणारं. बोटाने चाचपलं तर पायरी लागता कामा नये. पायरी लागली तर नेमकी तिथेच पहिली भेग जाणार. उलट, फार तासून रिंगभोवती कागदाएवढं पातळ केलेलं असेल तर ते दिसायला नाजूक, सुबक दिसतं आणि आधी झिजतं.

मग टाके. हाताच्या शिलाईत, म्हणजे सॅडल स्टिचमध्ये, एकच दोरा आणि दोन सुया असतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया एकमेकींच्या उलट दिशेने जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे जागेवर राहतात. मशीनच्या शिलाईत दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की बाकीचे उसवत जाऊ शकतात. ओळखायचं कसं? पट्टा उलटा करा. हाताचे टाके दोन्ही बाजूंना जवळपास सारखे, किंचित तिरके दिसतात. मशीनच्या शिलाईची मागची बाजू बहुधा वेगळी पडते. जाड पॉलिस्टर दोऱ्याची मशीन शिलाईही साध्या वापराला पुरते, त्यात फसवणूक नाही. ‘हाताने शिवलेला’ म्हणून जास्तीचे पैसे मागितले जात असतील तर मात्र ती नक्कीच आहे.

टाके जितके बारीक तितकं काम चांगलं, हा समज बाळगू नका. भोकं फार जवळ आली की ती रेघ टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते, ओढलं की तिथूनच फाटणारी. इंचाला सहा ते आठ टाके पट्ट्याला योग्य. दोरा मेण लावलेला लिननचा किंवा पॉलिस्टरचा असावा, आणि शेवटी दोन-तीन टाके उलटे मारून बंद केलेला.

काही पट्ट्यांना टाक्यांऐवजी रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली धातूची खीळ, असते. एकुलता एक, पोकळ नळीचा रिव्हेट बघितला की मी पट्टा खाली ठेवतो. भरीव तांब्याचा, वायसर घालून हातोडीने बसवलेला रिव्हेट भक्कम असतो, आणि टाके अधिक रिव्हेट अशी जोडी असेल तर फारच छान. फक्त त्याचं डोकं कॅमेऱ्याच्या बॉडीकडे तोंड करून नसावं. तांब्या-पितळेभोवती काही महिन्यांनी हिरवट, मेणचट थर जमलेला दिसेल. चामड्यातल्या चरबीची धातूशी होणारी ती प्रक्रिया आहे. सुक्या फडक्याने किंवा लाकडी टूथपिकने काढून टाका, पट्ट्याच्या ताकदीला त्याने धक्का लागत नाही, शर्टाला लागतो. स्क्रूने जोडलेली टोकं असतील तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, नाहीतर स्क्रू केव्हा निसटला ते कळणारही नाही.

काही महागड्या पट्ट्यांची टोकं मेणाच्या दोऱ्याने गुंडाळलेली असतात. दिसतात झकास. पण त्या गुंडाळीखाली काय आहे ते दिसत नाही. टाके आहेत की नुसता गोंद, हे विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

शेवटी कड. कापलेल्या चामड्याचे काटकोनी काठ मारून, डिंकाचं पाणी लावून लाकडाने घोटून घोटून गुळगुळीत केलेली कड मानेला लागत नाही. हे काम वेळखाऊ आहे आणि पैशांतला मोठा वाटा इथेच जातो. कडेवर नुसता रंगाचा जाड थर असेल तर वळणांवर तो तडकून सोलायला लागतो. नखाने हलकेच दाबून बघा.

मग किंमत कशाची?

एका पट्ट्यामागे पाठीच्या भागातली मीटरभराहून लांब, निर्दोष पट्टी जाते, आणि ती काढल्यावर उरलेल्या चामड्यात किल्लीच्या पट्ट्यांपलीकडे फारसं काही होत नाही. कापणं, काठ मारणं, रंगवणं, भोकं पाडणं, शिवणं, घोटणं यांत काही तास जातात. कारखान्यात तेच काम मिनिटांचं. धातूचं सामान भरीव पितळेचं किंवा स्टीलचं असेल तर त्याचाही भार पडतो. मुलामा दिलेलं हलकं जस्त असेल तर त्यावर साच्याची बारीक उभी रेघ दिसते आणि मुलामा उडाला की खालचा करडा रंग उघडा पडतो.

माझा हिशेब असा. मध्यम किमतीत हे सगळं नीट मिळतं. त्याच्या वर जे पैसे जातात ते दुर्मीळ कातडी, कारागिराचं नाव आणि देखणेपण यांचे, आणि ते द्यायचे की नाही हा हौसेचा प्रश्न आहे, त्यात चूक-बरोबर काही नाही. अगदी तळच्या किमतीत मात्र ‘हस्तनिर्मित’ लेदर घेण्यापेक्षा चांगलं नायलॉन किंवा गिर्यारोहणाच्या दोरीचा पट्टा घ्या. कृत्रिम लेदर तर नकोच. त्याचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांत सुटायला लागतो आणि त्याचे काळे पापुद्रे लेन्सवर, कपड्यांवर, सगळीकडे.

पहिलाच कॅमेरा असेल आणि तुम्ही तो गळ्यात घालता, तिरका घालता की मनगटाला अडकवता हेच अजून ठरलेलं नसेल, तर थांबा. व्हिडिओ करणाऱ्यांनीही विचार करावा: नवं लेदर करकरतं, रिंगा किणकिणतात, आणि कॅमेऱ्यावरचा माइक दोन्ही टिपतो. रात्री ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर देणाऱ्यांना वाऱ्यात हलणारा, न निघणारा पट्टा हा शत्रूच. छोटा कॅमेरा, एक-दोन हलक्या लेन्स, रोज अंगावर बाळगायची सवय आणि ठरलेली लांबी: असं गणित असेल तर पैसे वसूल होतात.

पायरी ६: पैसे देण्याआधी विचारा, आल्यावर टांगून बघा

मनासारखी उत्तरं मिळायला हवीत असे प्रश्न मोजकेच: चामडं कुठल्या टॅनरीचं, कातडीचा कुठला भाग, शिलाई हाताची की मशीनची, माप रिंगसकट की रिंगशिवाय, टाके तुटले तर पुन्हा शिवून देता का. टोकाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. शिवणारा माणूस स्वतः उत्तर देत असेल तर तो सहसा विचारलं त्याहून जास्तच सांगतो.

पट्टा घरी आला की लगेच कॅमेऱ्याला लावू नका. कॅमेऱ्याच्या वजनाच्या तिप्पट पाणी बाटल्यांत भरा (एक लिटर म्हणजे एक किलो), त्या पिशवीत घाला आणि पट्टा दोन्ही रिंगांनी पिशवीला अडकवून रात्रभर टांगून ठेवा. खाली उशी असू द्या. त्याआधी पट्ट्यावर दोन ठिकाणी चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांच्यातलं अंतर मोजा. सकाळी परत मोजा. अंतर किंचित वाढणं स्वाभाविक आहे, बोटभर वाढलं तर चामडं पोटाकडचं निघालं. टाक्यांची भोकं लांबट झाली असतील, रिंग फाकली असेल किंवा दुमड उघडू पाहत असेल तर पट्टा परत करा. म्हणून परतीची मुदत संपायच्या आत ही परीक्षा उरका.

पहिले काही दिवस पट्टा कडक लागेल. रोज हातावर गुंडाळत, सोडत राहा, तेल ओतून मऊ करायला जाऊ नका. जास्तीच्या तेलाने चामडं लुळं पडतं, ताणतं आणि कपड्यांवर तेलकट रेघ सोडतं. वर्षातून एक-दोनदा मधमाश्यांच्या मेणाचं मलम अगदी पातळ हाताने लावलं की पुरे. पावसात भिजला तर कोरड्या कापडाने टिपून सावलीत, उघड्या हवेत वाळवा, हेअर ड्रायर किंवा हीटरजवळ नको. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, पांढरी बुरशी धरते. बुरशी आलेला पट्टा घराबाहेर पुसून नीट वाळवा, आणि तोवर लेन्सच्या कपाटात मुळीच ठेवू नका, ती बुरशी काचेवरही जाते. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली आर्द्रता कमी ठेवणारं कपाट, असेल तर कॅमेऱ्यासाठी ठेवतात ती ४०-५० टक्के आर्द्रता लेदरलाही मानवते.

घरातल्या जुन्या कॅमेऱ्याला मूळचा बारीक लेदर पट्टा असेल तर तो जपून ठेवा, पण त्यावर कॅमेरा लटकवू नका. सालींत कमावलेलं चामडं दशकानुदशकं हवेतल्या आम्लाने आतून कुजतं, आणि बोटाला तांबूस भुकटी लागायला लागली की कुठल्याही मलमाने ते परत येत नाही.

चालू पट्ट्याची टोकं दर दोन-तीन महिन्यांनी बोटाने चाचपा. रिंगेच्या आतल्या बाजूला चामडं झिजून चपटं झालंय का, एखादा टाका वर आलाय का, लेदरच्या चकतीला भोक पडलंय का, तेवढं बघितलं तरी खूप. चकती आणि रिंग सुट्या मिळतात, त्या बदलायला अनमान करू नका. टाका तुटला असेल तर ज्याने शिवला त्याच्याकडे, नाहीतर सॅडल स्टिच येणाऱ्या कोणाही कारागिराकडे न्या आणि मशीनवर न मारता हातानेच शिवायला सांगा, जुन्याच भोकांतून. दुमडीवर भेग गेली असेल तर झिजलेलं टोक कापून, पुन्हा तासून, नव्याने दुमडता येतं. एका टोकामागे पट्टा दोन-तीन सेंटिमीटरने तोकडा होतो, आणि दोन्ही टोकांची लांबी सारखी राहावी म्हणून दुसरं टोकही त्याच वेळी करून घेतलेलं बरं.